पान सतरा कुणी नेलं?

बुधवार, ३ डिसेंबर २०२५

पान सतरा नाही!

काल शाळा सुटल्यावर सोळा, सतरा, अठरा अशी तीन पानं लिहून ऑफिसातल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. आज सोळा आहे, अठरा आहे, मधलं गायब. खण तीनदा रिकामा केला. खडू निघाले, शिक्क्याची डबी निघाली, मेलेली पाल निघाली. सतरा नाही.

पानाला काही पाय फुटत नाहीत. कुणीतरी नेलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

आहे! सोळा आणि अठराच्या मधोमध, जागच्या जागी!

घरी सांगितलं तर शुभदा म्हणाली, "चष्म्याचा नंबर बघा आदी." नवरा काही म्हणाला की बायकोला चष्माच आठवतो. पण पानाला धुराचा वास येतोय, तिलाही हुंगायला दिलं. "येतो खरं," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

माझ्या खणाला धुराचा वास नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

आज शांत डोक्यानं सगळं लिहून ठेवतो. उद्या प्रकरण वाढलं तर पुरावा पाहिजे.

मी मुलांसाठी कादंबरी लिहितोय. 'शिवकन्या पेवात'. परदेशी गोष्टींचा तो जुना साचा सगळ्यांना माहीत आहे – मुलगी झाडाखाली पेंगते, बिळातून उलट्यापालट्या राज्यात जाते, जनावरं बोलतात, राणी खेकसते, आणि शेवटी काय? तर जाग येते! सगळं स्वप्न! लहानपणी मला त्या शेवटाचा इतका राग आला होता की पुस्तक म्हशीच्या दावणीत टाकलं होतं. म्हणून मी त्या साच्याची टिंगल करायची ठरवलं. माझी शिवकन्या चौथीतली, आईबाप ऊसतोडीला गेलेले. ती झोपतच नाही. भर दुपारी टक्क जागी असताना तिला एक मुंगूस दिसतं – काखेत हजेरीपट, "केंद्राच्या बैठकीला उशीर झाला, उशीर झाला!" करत पळणारं. त्याच्या मागं पळताना ती पेवात पडते. आजोबांच्या काळी ज्वारी साठवायला जमिनीत खणायचे ते पेव – तोंड अरुंद, पोट रांजणासारखं. खाली राज्य. तिथं भाकरी खाल्ली की माणूस लहान होतो, हुरडा खाल्ला की मोठा. राणी कुणाला मारत नाही, नुसती ओरडते – "हजेरीतून नाव काढा!" आणि नाव निघालं की माणूस दिसेनासा होतो.

आणि शेवट! माझ्याकडं स्वप्न नाही, त्यामुळं जागं होणंही नाही. शिवकन्या वर येतच नाही. कायमची खाली राहते, राणी होते. असा शेवट करायला छाती लागते.

एका प्रकाशकानं बालकादंबऱ्या मागवल्यात. निवडतील ती छापणार. पाठवायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. याआधी माझी दोन बाडं परत आली, तिसरं तर परत पण आलं नाही. निवृत्तीला पाच वर्षं. राणीसावरगावच्या बाजारात मला 'खिचडीवाले हेडमास्तर' म्हणतात. एकदा पुस्तकावर नाव बघायचंय – वैजीनाथ. बस्स. आणि नेमकं आत्ताच कुणीतरी पानं पळवतंय.

शुक्रवार, १२ डिसेंबर

पान बावीस. काल नव्हतं, आज आहे. धूर आहेच, शिवाय कोपऱ्याला हळद. आणि शब्दांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा! 'हजेरीपट'खाली रेघ. 'बैठक'खाली रेघ. 'गुरगुरत'खाली दोन रेघा.

शब्द टिपून घ्यायलाय कुणीतरी. माझी भाषा उचलायची तयारी!

ऑफिसच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडं. एक बालाजी सरांकडं – शाळेत आम्ही दोघंच मास्तर. तिसरी धुरपदाबाईकडं. ती सकाळी झाडून घेते, दुपारची खिचडी शिजवते, आणि ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं हंगामभर शाळेतच असतात त्यांचा संध्याकाळचा स्वयंपाक करते. पण ती मोजण्यात नाही. तिला अक्षर ओळखू येत नाही.

राहिला कोण? बालाजी. पस्तिशीचा, परभणी शहरातला, कविता करतो. मागच्या वर्षी पेपरच्या बालपुरवणीत त्याची कविता आली, तिच्यात मुंगूस होतं. माझं मुंगूस त्याच्या आधीचं आहे! आणि तो रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून लेकरांसोबत जेवतो. धूर आणि हळद, दोन्हीचा हिशेब लागला.

सोमवार, १५ डिसेंबर

आज तर कमाल झाली. पान नऊच्या समासात लिहिलंय –

"पेव उगडल की लगीच उतरत न्हाईत. मानूस गुदमरत."

वाकडंतिकडं, एक अक्षर वर, एक खाली. पहिलीतलं पोरसुद्धा यापेक्षा बरं काढतं. आधी वाटलं, लेकरांपैकी कुणी. पण नववं पान हे शिवकन्येच्या पडण्याचं पान. लेकराला हे काय माहीत असणार? आणि लेकरू समासात दुरुस्त्या करत नाही, विमान काढतं.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे डाव्या हातानं लिहिलंय! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

मला ही युक्ती कशी कळली, तेही लिहितो. ही वही कुणी वाचत नाही. मार्चमध्ये गावातल्या प्रौढांची साक्षरता परीक्षा होती. वरून आकडा आला – वीस जण पास पाहिजेत. वीस आणायचे कुठून? चौदा कसेबसे झाले. उरलेल्या सहांचे पेपर मी आणि बालाजीनं दार लावून लिहिले. नवशिक्याचं अक्षर दिसावं म्हणून मी डाव्या हातानं लिहिले. धुरपदाबाईचा मीच लिहिला. तिला शंभरात बासष्ट दिले. जास्त दिले असते तर संशय आला असता. जूनमध्ये प्रमाणपत्र हातात दिलं, "घ्या, पास झालात." तिनं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. सगळीकडं असंच चालतं. माझ्या एकट्याचं पाप नाही.

सांगायचं काय, तर डावा हात बालाजीनं तेव्हा बघितला होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक!

शुक्रवार, १९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. गावातल्या म्हाताऱ्या लिंबाजीतात्यांच्या शेतात जेवण – भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पोट फुटेस्तोवर जेवलो आणि सहज विचारल्यासारखं केलं, "तात्या, पेवात लगेच उतरलं तर काय होतं?"

तात्यांनी आंबिलीचा गडगा खाली ठेवला. "येडे का काय सर? दिसभर तोंड उगडं ठिवायचं. मंग कंदील सोडायचा दोरानं. इझला की कुनी उतरायचं न्हाई. आत वाईट हवा ऱ्हाती. आपल्या गावात एक पोरगं असंच गेलं की. ज्वारी काढायला उतरलं, हाकच न्हाई. लय वर्सं झाली."

म्हणजे समासातली दुरुस्ती बरोबर. पण शहरातल्या बालाजीला पेवाचं काय माहीत? तात्यांना विचारलं असणार. माझ्या आधी! पोरगं लय खोलात चाललंय.

शेतातून निघताना धुरपदाबाई भांडी आवरत होती. म्हणाली, "सर, लेकरांसाठी गोष्ट लिवायलात म्हनं?"

"कुणी सांगितलं?"

"बालाजी सर बोलले."

बघा! गावभर करायलाय.

बुधवार, २४ डिसेंबर

संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून शाळेत परत गेलो. खिचडीच्या शेडमध्ये बालाजी आणि धुरपदाबाई. डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबूज. मला बघितलं आणि धुरपदाबाईनं पदराखाली काहीतरी लपवलं. बालाजी उगाच मोठ्यानं म्हणाला, "मीठ कमी पडायलंय सर!"

मीठ कमी पडलं म्हणून कुणी दचकत नाही.

तिला मार्चचं काय काय सांगतोय हा? तिनं उद्या पंचायतीत उभं राहून सांगितलं, 'पेपर म्या लिवलाच न्हाई,' तर? कादंबरी गेली खड्ड्यात, पेन्शन जाईल.

शनिवार, २७ डिसेंबर

पान एकतीस गेलं. कुलूप बदलावं तर बालाजीला किल्ली द्यावीच लागणार.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

बोललो. नवीन वर्षात मनात काही ठेवायचं नाही म्हणून सरळ विचारलं, "बालाजी सर, माझी पानं का नेताय?"

तो आधी हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला. "सर, तुमच्या पानाला मी हात बी लावला न्हाई."

"आणि समासात डाव्या हातानं लिहिता ते?"

तो मग हळूच म्हणाला, "डाव्या हातानं कोन लिवतंय सर? ते तुमालाच जमतंय."

 म्हटलं, धमकी देताय काय? तर म्हणे, "धमकी कशाची. येळ आली की कळंल तुमाला. मला बोलायची मनाई हाय." कुणाची मनाई? विचारलं तर खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसला. दिवसभर तिथंच वह्या तपासल्या, उन्हात.

आठ वर्षं एका डब्यात जेवलोय आम्ही. वाईट वाटतंय. पण वाईट वाटावं असंच तो वागतोय ना!

बुधवार, ७ जानेवारी

सापळा लावला. असं प्रकरण लिहिलंय की चोराला हसू आवरणार नाही. हसला की धरलाच!

पेवातल्या राज्यात साक्षरतेची परीक्षा. राणीचा हुकूम – सगळी बेडकं पास झाली पाहिजेत. राजवाड्यात एक स्वयंपाकीण बेडकी आहे, जाडजूड, कढईएवढं तोंड. तिला 'अ' दाखवला की म्हणते, "ही तर पळी!" 'ट' दाखवला की म्हणते, "ही मोडकी पळी!" तिचा पेपर एक खेकडा सोडवतो, आठ पायांनी, आठ अक्षरांत. बेडकी पास! प्रमाणपत्र घेऊन ती राज्यभर मिरवते. शिवकन्या म्हणते, बेडकीबाई, वाचून दाखवा की. बेडकी प्रमाणपत्र उलटं धरते आणि म्हणते, "यात लिवलंय, मला वाचता येतंय."

लिहिताना मीच चार वेळा हसलो. रात्रीचं जेवण झाल्यावर शुभदाला वाचून दाखवलं. तीही खेकड्यापर्यंत हसली. मग म्हणाली, "ही बेडकी धुरपदाबाईसारखी वाटती."

म्हटलं, असू दे की. तिला कुठं वाचायचंय!

शुक्रवार, ९ जानेवारी

बेडकीचं पान गेलं! लागला गळाला!

सोमवार, १२ जानेवारी

पान परत आलं. चोरानं या वेळी तीन दिवस ठेवलं. धूर नाही, हळद नाही, एकाही शब्दाखाली रेघ नाही. घडी सुद्धा नाही. जसं ठेवलं होतं तसं.

बालाजी हसत नाहीये. दोनदा त्याच्यासमोर मुद्दाम 'मोडकी पळी' म्हणालो. ढिम्म. पक्का आहे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. धुरपदाबाईनं लेकरांना तिळगूळ वाटला, बालाजीला दिला. माझा टेबलावर कागदात ठेवून गेली. दरवर्षी हातावर ठेवते आणि म्हणते, "गोड बोला सर, लेकरांवर खेकसू नका." आज काही बोलली नाही.

बालाजीनं कान भरलेत, दुसरं काय.

मंगळवार, २० जानेवारी

बारा तारखेपासून एकही पान हललं नाही. रोज मोजतो. साठच्या साठ.

चोर पळाला म्हणून पेढे वाटायला पाहिजेत. पण खरं सांगू? रोज सकाळी खण उघडतो, आणि सगळी पानं दिसली की बरं वाटायच्या ऐवजी उदास वाटतं. नवीन प्रकरणात एक घुबड घातलंय, बदल्यांची यादी वाचणारं. कुणाला आवडलं, कुठला शब्द अडला, कळायला मार्ग नाही. तीस वर्षं लिहितोय. माझं लिहिलेलं कुणी इतक्या बारकाईनं वाचलं नव्हतं. बायकोनं नाही, प्रकाशकानं तर नाहीच.

शुभदाला हे सांगितलं तर म्हणाली, "चोराला बोलवू का मंग? पत्रिका छापू?"

पेवाची दुरुस्ती मात्र केली नाही. शिवकन्या पडते ती धाडकन आणि लगेच बोलायला लागते. कंदील सोडत बसलो तर गोष्टीची मजा जाते.

शनिवार, २४ जानेवारी

आज बालाजी आपण होऊन आत आला. बावीस दिवसांनी! म्हणाला, "सर, सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं धुरपदाबाईला चार ओळी वाचायला लावू या. गावाला बी बघू द्या."

आत्ता कळलं. ही त्याची 'येळ'! केंद्रप्रमुख येणार, सरपंच येणार, सगळ्या गावापुढं त्या बाईच्या हातात कागद द्यायचा. ती गप्प उभी राहणार आणि सगळे माझ्याकडं बघणार. बासष्ट मार्क कुणी दिले हो हेडमास्तर?

म्हटलं, काही गरज नाही.

"सर, एकदा ऐका तर खरं –"

म्हटलं, विषय संपला.

सोमवार, २६ जानेवारी

पार पडलं. देवाची कृपा आणि माझी हुशारी.

धुरपदाबाई नवं लुगडं नेसून आली होती. डोळ्यावर चष्मा! आजवर कधी बघितला नव्हता, बाजारातला असणार, एका बाजूनं दोरा बांधलेला. नातीला, ऋतिकाला, पुढं बसवलं होतं. नवसाक्षरांची नावं पुकारायची वेळ आली तशी ती रांगेजवळ येऊन उभी राहिली. मी झटकन खाली उतरलो. म्हटलं, बाई, पाहुण्यांच्या चहाचं बघा.

"सर, माझा नंबर हाय नं?"

"तुमचं मार्चमध्येच झालंय. चहा बघा, दूध ऊतू जाईल."

तिनं मग चष्मा काढला, पदराच्या गाठीत बांधला आणि शेडकडं गेली. बालाजीनं तोंड फिरवलं.

चहा झाला नेहमीसारखा. केंद्रप्रमुखांनी दोन कप घेतला. डाव उधळला एकदाचा!

झोपताना तो दोरा बांधलेला चष्मा आठवतोय. शिजवायला चष्मा कशाला लागतो?

गुरुवार, २९ जानेवारी

शेवटचं पान झालं. एकसष्ट. शिवकन्या पेवाच्या तळाशी सिंहासनावर बसते, वरचं तोंड बंद होतं, अंधार. समाप्त! फाइल बांधून खणात ठेवली. परवा गंगाखेडला जाऊन कुरिअर करायचं.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळी फाइलची गाठ वेगळी होती. पानं सगळी आहेत. एकसष्टच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलंय. जसंच्या तसं उतरवतो –

"सर, पान मीच नेत होते. चुलीपाशी वाचून परत ठिवत होते. एक बी जाळल न्हाई. बालाजी सरानी शिकवल. सव्वीस तारखेपरेंत सांगू नका मनून मीच त्येंला शपत घातली, त्येंला बोलू नका. तुमी मला पास केल तवा लाज वाटली. कागद खोटा पडू नये मनून शिकले. बेडकी मीच हाय, वळखली. असू द्या. पन पोरीला पेवात ठिवू नका. माजा भाऊ तितच ऱ्हायला. आदी कंदील सोडा, मंग दोर सोडा, पोरीला वर काडा. त्या दिशी वाचायच ऱ्हाऊन गेल. हाच माजा पेपर. तपासून द्या. धुरपदा."

लाल पेन उघडून बसलोय.